इथे चमक काढून मिळेल

३ ऑगस्ट, शनिवार

आजपासून दैनंदिनी लिहायची ठरवली आहे. घरात मोठं काम निघालं आहे आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग माझ्याकडे आला आहे.

समीक्षा, आमची एकुलती एक लेक, हुडको वसाहतीतल्या आमच्या घराच्या समोरच्या खोलीत ब्यूटी पार्लर काढते आहे. रायपूरच्या मोठ्या सलूनमध्ये ती काम शिकली, तिथेच नोकरी केली, आता म्हणते स्वतःचं करायचं. मी सकाळी टेस्टर आणि पकड घेऊन खोलीत हजर झालो. पोलादाच्या प्लांटमध्ये जन्म इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समध्ये गेला, रोलिंग मिलच्या मोटारी माझ्या भरवशावर फिरल्या, आणि लेकीच्या पार्लरची वायरिंग परक्यानं करावी? मी आधी मेन स्विच पाडला. त्याच वेळी समीक्षा स्वतःच्या डोक्यावर कसलंसं नवं मशीन चालवून पाहत होती. अर्धे केस सरळ झाले, अर्धे राहिले.

"बाबा, प्लीज! वायरिंग हो गया है," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तुम्ही ना... तुम्ही नाव शोधा. पार्लरचं. इंग्लिशमध्ये पाहिजे. कुछ चमकनेवाला. बैठके, आरामसे, तुमच्या खोलीत."

रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कोणी माझ्यावर जबाबदारी टाकली. नाव म्हणजे पाया. वायरिंग काय, कोणीही करतो.

जाता जाता लिहून ठेवतो. हैदराबादच्या एका हॉटेलनं समीक्षाला नोकरीला बोलावलं आहे. गणपतीपर्यंत पार्लर चाललं तर ती राहील, नाहीतर जाईल. हे तिनं आईला सांगितलं, मी भिंतीआडून ऐकलं. ती गेली तर घरात मी आणि बेबी उरू. बेबी म्हणजे माझी बायको, सगळा हुडको तिला बेबीताई म्हणतो. जगाशी ती भरभरून बोलते आणि माझ्याशी "जेवता का" आणि "झोपा आता" एवढंच. मला समीक्षा इथेच हवी आहे. नाव जोरदार शोधलं पाहिजे.

५ ऑगस्ट, सोमवार

रद्दीतून वाचवलेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश खाली काढला. शब्दाच्या पोटात काय आहे ते बघितल्याशिवाय तो बोर्डावर चढवायचा नाही, हा माझा नियम. मोटार उघडल्याशिवाय तिला चांगली म्हणायचं नाही, तसंच.

समीक्षाच्या मनात 'स्पार्कल' आहे. उघडून पाहिला. स्पार्क म्हणजे ठिणगी, आणि मागे ते 'ल' लागलं की तीच गोष्ट बारीक बारीक, पुन्हा पुन्हा. म्हणजे सतत होणारं स्पार्किंग! आमच्याकडे पॅनेलमध्ये असं स्पार्कल दिसलं असतं तर लाइन बंद करून फोरमनला बोलावलं असतं. बायका तोंडाला क्रीम लावून बसलेल्या आणि बाहेर पाटी, 'आत फॉल्ट आहे'. शब्द रद्द.

समीक्षाला समजावून सांगितलं. ती फरशी पुसत होती. "हो बाबा," म्हणाली. पटलं तिला.

८ ऑगस्ट, गुरुवार

'ट्विंकल' पाहिला. फार जुना शब्द आहे, पूर्वी त्याचा अर्थ डोळे मिचकावणं असाही होता. सभ्य वस्तीत पार्लर काढून दारावरूनच डोळा मारायचा? शिवाय शेजारच्या गुलाबरावांच्या पामेरियन कुत्रीचं नाव ट्विंकल आहे. गुलाबराव दिवसातून दहा वेळा गल्लीत ओरडतात, "ट्विंकल, सोड! घाण हाये ते!" गिऱ्हाइकांच्या कानावर हे पडणं बरं नव्हे.

मग 'ग्लिटर'. हा थंड मुलुखातून, उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडून इंग्रजीत आलेला. भारदस्त वाटला. जेवताना मोठ्यानं म्हणून पाहिला.

बेबीनं वरण वाढता वाढता विचारलं, "गटर तुंबलं का आपलं?"

रद्द.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज मोठा शोध लागला. 'डॅझल' हा 'डेझ'चा पोरगा, म्हणजे डोकं बधिर होऊन गरगरणं. तो बाद. पण 'टिन्सेल' उघडला आणि मी उठून उभाच राहिलो. टिन्सेल म्हणजे आपल्या मोहरमच्या ताबुतावर, गणपतीच्या मखरावर लावतात ती चमकी. त्याचं मूळ लॅटिनमधला ठिणगीचा शब्द. तो फ्रान्समध्ये गेला, तिथे बोबडा झाला, इंग्लंडात उतरला तोवर निम्मा झिजला. आणि त्याच ठिणगीच्या घराण्यातला दुसरा वंशज कोण? स्टेन्सिल! पत्र्याला भोकं पाडून आपण ज्यानं अक्षरं रंगवतो तो स्टेन्सिल!

कमलेश पेंटर बोर्डाचं माप घ्यायला आला होता. गडी इथलाच, अहिवाऱ्याकडचा. त्याच्या हातातला स्टेन्सिल पाहून मला राहवेना. म्हटलं, "कमलेश, तुले मालूम है? ये जो तेरे हाथ में है ना, ये ठिणगीचा नातू है. चिंगारी का पोता."

त्यानं स्टेन्सिल उलटासुलटा करून पाहिला. "हव भैया," तो म्हणाला. "फेर बोर्ड म का लिखना हे?"

ज्ञानाची आवड राहिली नाही लोकांना.

१९ ऑगस्ट, सोमवार

समीक्षा सामान आणायला नागपूरला गेली आहे. तीन दिवसांनी येईल. रविवारी उद्घाटन, म्हणजे तीजाच्या आधी. तीजाला छत्तीसगडच्या सगळ्या बायका माहेरी जातात आणि जाण्याआधी पार्लरला. ते गिऱ्हाईक सापडलं तर गणपतीपर्यंत पार्लर धावायला लागेल.

दुपारी कमलेश आला. म्हणाला, आज नाव सांगा, उद्यापासून गणपतीच्या मंडपांचं काम सुरू, मग दिवाळीपर्यंत हात रिकामा नाही. समीक्षाला फोन लावला. लागला नाही. (लागला होता. पण "बाबा मी बिलिंगमध्ये आहे" असं म्हणून तिनं ठेवला.) निर्णय मलाच घ्यावा लागला.

आणि अशा वेळीच माणसाची परीक्षा होते. एकदम सुचलं, इंग्रजीच्या दारात भीक कशाला? आपला शब्द काय वाईट आहे? 'चमक'! तीन अक्षरं, ना काना, ना मात्रा, हिंदीवाल्यालाही कळतो, छत्तीसगडीलाही कळतो. आणि खाली आपल्या मराठी लोकांसाठी एक ओळ आपल्या भाषेत. भंडारा, गोंदियाकडून आलेली किती घरं आहेत या भागात! त्यांना वाटलं पाहिजे की हे आपल्या माणसाचं दुकान.

ओळ मीच केली:

चमक
इथे सर्व वयाच्या माणसांची चमक काढून मिळेल
कितीही जुनी असो

कमलेशनं विचारलं, "भैया, ब्यूटी पार्लर घलो लिखौं?" तेही लिहायला जागा उरली नव्हती. आणि वर इतकं स्पष्ट लिहिल्यावर गरज तरी काय?

बोर्ड वर चढला. बेबी बाहेर आली, ओळ वाचली, पदर तोंडाला लावून आत गेली. आत बराच वेळ भांडी वाजल्यासारखा आवाज येत होता. जाऊन पाहिलं तर ती ओट्याला धरून हसत होती.

"कावून हसून राहिली?"

"काई नाई. चांगलं हाये," ती म्हणाली.

तिनं माझ्या कामाला चांगलं म्हटलेलं मला या आधीचं आठवत नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

समीक्षा आली. रिक्षातून उतरून बोर्डासमोर उभी राहिली.

"बाबा, ये क्या है?"

"चमक!"

"हे भांडे घासायच्या पावडरचं नाव वाटते."

मी तिला ठिणगीची सगळी वंशावळ सांगितली. ती खाली पायरीवर बसली. नवा बोर्ड करायला कोणी रिकामं नाही, तीन दिवसांवर उद्घाटन. शेवटी म्हणाली, "जाऊ द्या. काम अच्छा होगा तो नाम कौन देखता है."

थोडी नाराज आहे. गर्दी दिसली की निवळेल.

२५ ऑगस्ट, रविवार

गर्दी! दार उघडायच्या आधीच सात-आठ जण फाटकाशी! आणि सगळे आपले मराठी लोक, वयस्कर, प्लांटचे रिटायर झालेले, त्यांच्या बायका. ओळीचा परिणाम.

मला सगळ्यात भावला तो त्यांचा नम्रपणा. एकही जण ताठ चालत आला नाही. सगळे कमरेत वाकून, एक हात पाठीवर. नरेश बोरकर, जो प्लांटमध्ये साहेबालाही नमस्कार करत नसे, तो माझ्यासमोर काटकोनात वाकून आला. मी त्याला म्हटलंसुद्धा, "अरे, इतकं कशाले बाप्पा!"

तो म्हणाला, "सकाळपासून असाच हावो. लवकर करा."

चेहऱ्याची इतकी घाई मी पुरुषात पाहिली नव्हती. समीक्षानं त्याला खुर्चीत बसवायचा प्रयत्न केला, तर तो ओरडला. तिनं क्रीमची वाटी पुढे केली. त्यानं ती हुंगली आणि म्हणाला, "हे पोटात घ्याचं का पाठीले लावाचं?"

मग मागच्या गल्लीतल्या राधाबाई पुढे झाल्या. वाकलेल्याच. "बाई, ते क्रीमगीम राहू दे," त्या समीक्षाला म्हणाल्या. "पायाळू कोन हाये घरात? चमक कोन काढते?"

आणि मला एकदम आठवलं. पाठीत, बरगडीत भरते ती चमक! लहानपणी शंभरदा ऐकलेला शब्द, आमच्या गावी तर रोजचा. माणूस वाकला, वजन उचललं, की भरली चमक. आणि ती काढायची तर जन्मताना पायाकडून आलेला माणूस लागतो, पायाळू. त्यानं पाठीला लाथ मारली की चमक निघते. शब्दकोशातल्या त्या सगळ्या लॅटिन आणि फ्रेंच मंडळींमध्ये हा एवढा एक अर्थ मला कोणी सांगितला नाही.

मी खुलासा करणार, तेवढ्यात बेबी पदर खोचून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"मी हावो पायाळू," ती म्हणाली. "झोप रे नरेश पालथा."

इतकी वर्षं संसार केला, मला हे माहीत नव्हतं. म्हटलं, "तू कधी सांगितलं नाही?"

"तुमी कधी इचारलं?"

आणि तिनं नरेश बोरकरला लाथ घातली. तो उठला, ताठ झाला आणि हात जोडून म्हणाला, "बेबीताई, जिंकलं!"

समीक्षा मागच्या खोलीत जाऊन रडली. मी दाराबाहेर उभा राहिलो, पण आत काय म्हणून जाणार?

३० ऑगस्ट, शुक्रवार

बातमी हथखोजच्या कारखान्यांपर्यंत पोचली आहे. तिथे दिवसभर लोखंड उचलणारी माणसं, चमकेला काय तोटा? सकाळ-संध्याकाळ रांग. बेबी पैसे घेत नाही. म्हणते, घेतले तर पायाचा गुण जातो. लोक काकडी, भोपळे, पोह्याचे पापड आणून ठेवतात. पार्लरच्या नव्या शेल्फवर शाम्पूच्या ओळीत आज तीन दुधी भोपळे होते.

फेशियलला मात्र आज एकच बाई आली. छान शिकलेली, शांत. समीक्षानं तिच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या (काकडी तरी कामाला आली). तितक्यात पलीकडून धप्प आवाज झाला आणि कोणीतरी "मेलो गं माय!" म्हणून ओरडलं. बाईनं चकत्या काढून पाहिलं तर जमिनीवर एक दणकट पुरुष पालथा आणि त्याच्या पाठीवर बेबीचा पाय. बाई अर्ध्या तोंडाला लेप लावूनच पळाली. नॅपकीनही नेला.

मी समीक्षाला म्हटलं, "आपण वेळा वेगळ्या करू." ती लेपाची वाटी धुवायला गेली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज तीजा. सगळ्या बायका माहेरी गेल्या, जाताना दुसऱ्या पार्लरमधून गेल्या.

समीक्षानं हैदराबादला फोन केला. बुधवारी संध्याकाळी दुर्गहून गाडी आहे. मला तिनं स्वतः सांगितलं, माझ्या शेजारी बसून, हळू आवाजात. "गलती तुमची नाही बाबा," असंही म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिला नाव द्यायला निघालो आणि तिचं दुकानच खाल्लं. रात्री जेवण गेलं नाही. बेबीनं पाच शब्दांपेक्षा जास्त शब्द वापरून मला जेवायला सांगितलं, तरी गेलं नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

बोर्ड उतरवायचा निश्चय केला आहे. तिच्या जाण्याआधी निदान तिला आवडलेलं नाव वर लावीन. 'स्पार्कल' तर स्पार्कल. होऊ दे फॉल्ट.

दुकानात काल एक किरकोळ गोष्ट झाली, पान भरायला लिहितो. राधाबाई पुन्हा आल्या होत्या, पुन्हा वाकून. बेबीनं काम केलं. राधाबाई ताठ झाल्या आणि समोर आरसा. समीक्षाचा तो मोठा, चारी बाजूंनी दिवे असलेला आरसा. राधाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"हे कोन हाये वं?" त्या म्हणाल्या. "माह्या भिवया अशा कधी झाल्या? हे तं माह्या सासऱ्याच्या भिवया हायेत!"

समीक्षा हसली नाही. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, दोरा घेतला आणि भिवया कोरल्या. राधाबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण उठल्या नाहीत. मग मानेला मसाज, मग केस. उठल्या तेव्हा रांगेतल्या सगळ्या बायका आरशाकडे बघायला लागल्या होत्या. वाकलेल्या माणसाला फरशी दिसते, ताठ झाला की त्याला पहिला आरसाच दिसतो. नंतर रांगेतल्या चंदाबाई बसल्या, मग त्यांची नणंद. नरेश बोरकरनंही मिशा नीट करून घेतल्या.

यामुळे दुकान बंद व्हायला फार उशीर झाला आणि मला बोर्ड उतरवता आला नाही. काल आणि आज दोन्ही दिवस हेच.

११ सप्टेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी समीक्षाची बॅग दाराशी भरून ठेवली होती. तरी ती दुकानात होती, कारण आत पाच बायका बसल्या होत्या आणि तीन जमिनीवर. म्हणाली, गाडी संध्याकाळी आहे, तोवर करते.

मी स्टूल ठेवून बोर्डाचे तीन स्क्रू काढायला चढलो. दोन निघाले. तिसऱ्याला जोर लावला आणि माझ्या पाठीत अशी चमक भरली की मी स्टुलावरच घडी झालो. खाली उतरता येईना, वर होता येईना. शेवटी गुलाबराव आणि गणपतीच्या मंडपावरून धावत आलेल्या कमलेशनं मला तसंच, काटकोनात, उचलून आत आणलं. खोलीतल्या सगळ्या बायका पदर सावरून बघायला लागल्या. मी त्यांना सांगितलं की फरशी तपासतो आहे.

बेबी आली. तिनं माझ्याभोवती एक चक्कर मारली. तिच्या चेहऱ्यावर मी लग्नातही इतका आनंद पाहिला नव्हता.

"नवऱ्याले लात मारनं पाप असते का वं, राधाबाई?" तिनं विचारलं.

"दवा म्हणून मारली तं पुन्न हाये," राधाबाई म्हणाल्या. "आन् मांगची बाकी असन तं तेबी चुकते."

मी काही बोलण्याआधीच लाथ बसली. इतरांना ती हलकी मारते, हे मी रोज पाहतो. मला बसली ती हलकी नव्हती. मी थेट शाम्पूच्या शेल्फपर्यंत गेलो आणि भोपळ्यांसकट खाली आलो. पण चमक गेली, हे मान्य करायला हवं.

आणि समीक्षा हसली. किती दिवसांनी! दोरा हातातून पडला, ती खुर्चीला धरून खाली बसली, "आई, तू बाबांना... तू बाबांना..." एवढंच म्हणत होती. तिच्याबरोबर सगळ्या बायका, कमलेश, दारातली ट्विंकलसुद्धा. मला राग यायला पाहिजे होता. नाही आला. मी भोपळ्यांमध्ये बसून तिच्याकडे बघत होतो आणि मला वाटलं, रोज एक लाथ खावी लागली तरी चालेल, पण हिनं इथे असंच हसावं.

हसता हसता ती एकदम थांबली. हात बरगडीवर ठेवला.

"आई गं. चमक भरली वाटते."

"कुठं?" बेबीनं विचारलं.

"इथं. बॅग तो उठाही नहीं पाऊँगी मैं."

मी लगेच म्हटलं, "बेबी, काढ पटकन. गाडी आहे संध्याकाळची." मुलीचं नुकसान व्हायला नको, एवढंच मनात होतं.

बेबीनं समीक्षाकडे पाहिलं. समीक्षानं बेबीकडे पाहिलं.

"बुधवारी चमक काढत नसतेत," बेबी म्हणाली. "गुन येत नाई."

"अच्छा?" समीक्षा म्हणाली. "फिर तो क्या करें. फोन करून सांगते त्यांना, नाही जमत."

गाडी गेली. बॅग आत नेली, आता तिच्यावर टॉवेल वाळत आहेत. बोर्ड एका स्क्रूवर लटकतो आहे. समीक्षा म्हणाली की तो सरळ करा आणि राहू द्या, खाली फक्त 'ब्यूटी पार्लर' लिहा.

मला मात्र बेबीचा नियम काही केल्या कळत नाही. आज बुधवार आहे. माझी चमक तिनं आजच काढली, तीही सगळ्यांसमोर. मग मुलीचीच का नाही? हा मुद्दा काढायला मी आत्ता समोरच्या खोलीत गेलो होतो. पण समीक्षा गाणं म्हणत ती जड लोखंडी खुर्ची एकटीच उचलून आरशासमोर नेत होती. म्हटलं कामात आहे, उद्या विचारू.